वायंगणकर सर आणि बघणारे फोटो

वायंगणकर सर मेलेल्या माणसांशी फार मऊ आवाजात बोलत. "आजोबा, उजवा डोळा तेवढा राहिलाय, जरा दम धरा," असं टेबलावरच्या फोटोला सांगत आणि मान वर न करता करड्या आवाजात मला विचारत, "सुषमा, ब्रश धुतलास का?" मी कधीच धुतलेला नसे आणि ते त्यांना पाठमोरं बसूनही कळे.

ही माझी पहिली नोकरी. आम्ही नुकतेच गिरगावातून आचोळ्याला राहायला आलो होतो. माझ्याकडे ड्रॉइंगच्या परीक्षेचं सर्टिफिकेट होतं आणि वसई गावात, बाजारामागच्या गल्लीत, सरांचा फोटो स्टुडिओ होता. कॉम्प्युटर अजून त्या गल्लीपर्यंत पोचला नव्हता. घरातलं कोणी गेलं की लोक एखादा जुना ग्रुप फोटो घेऊन येत. सर त्यातला चेहरा मोठा करत, फाटक्या सदऱ्यावर कोट चढवत, मिटलेले डोळे उघडत. हे सगळं बारीक ब्रशने, हाताने. याला आम्ही टचिंग म्हणायचो.

तयार फोटो लगेच गिऱ्हाइकाला मिळत नसे. सर तो भिंतीला टेकवून खुर्चीत बसवत आणि दिवसभर खोलीत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत त्याच्याकडे बघत. "अजून बघत नाहीयेत," म्हणत आणि डोळे पुन्हा करायला घेत. चौथ्या-पाचव्या खेपेला अचानक थांबत, किंचित मान झुकवत आणि हळूच म्हणत, "आले."

त्यांनी 'आले' म्हटलं की माझ्या अंगावर काटा यायचा, कारण फोटो खरोखरच बघत असे. दुपारी शटर अर्धं खाली असायचं आणि भिंतीला टेकून सात-आठ जण माझ्याकडे रोखून बघत असायचे. डबा उघडण्याआधी सर प्रत्येकावर पांढरं फडकं टाकत. "उपाशी माणसांसमोर जेवू नये," म्हणत. मग ती सात-आठ पांढरी फडकी आणि आम्ही दोघं. मी फडक्यांकडे पाठ करून भराभर जेवून घेई. सर मात्र शांतपणे पोळीच्या कडा जुळवून घडी घालत. घडी वाकडी झाली तर उलगडून पुन्हा घालत.

पहिल्या महिन्यात मी तीनदा नोकरी सोडायचं ठरवलं. एका म्हातारीच्या कपाळावरची एक सुरकुती त्यांनी मला अकरा वेळा काढायला लावली. मग हळूहळू त्यांच्यासोबत काम करायची रीत सापडली. 'झालं' हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायचा नाही. काम अर्धं असतानाच दाखवायचं, म्हणजे चूक अर्ध्यातच निघते. सुरुवातीलाच विचारायचं, "सर, यांचं तुम्ही आधी काय बघणार?" या प्रश्नाने ते खूश होत आणि अगदी नेमकं सांगत, "जिवणी." आणि वाद घालायचाच असेल तर ते बसलेले असताना. उभे वायंगणकर कोणाचं ऐकत नसत.

वर्षभरात माझा हात त्यांच्या हातासारखा चालू लागला. आणि तेव्हाच फिलोमिनामावशी आल्या.

त्या पाचूबंदरच्या. मासळी विकायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा जेरोम बोटीवर गेला होता. बोट परत आली, तो आला नाही. देहही सापडला नाही. आता नातेवाइकांनी समजूत घातली होती, फादरही बोलले होते. त्याच्या शांतीसाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना करायची, त्यासाठी फोटो हवा. त्यांच्याकडे एका लग्नातला फोटो होता. त्यात जेरोम हसत होता आणि नेमके डोळे मिटलेले होते.

"डोळे कसे होते, ते तुम्हाला सांगावं लागेल," सर म्हणाले. "गुरुवारी या."

गुरुवारी आमची सुट्टी असायची. ती माझीही गेली. दर गुरुवारी मावशी यायच्या, सर चहा मागवायचे आणि विचारायचे. तो झोपेतून उठला की आधी कुठे बघायचा? खोटं बोलताना? भूक लागल्यावर? मावशी सांगत राहायच्या. कधी हसायच्या. त्या कधीच 'होता' म्हणत नसत. "जेऱ्या असाच करते," म्हणायच्या. सर कागदावर डोळे काढायचे आणि त्या गेल्यावर म्हणायचे, "नाही. बघत नाहीये." असे तीन महिने गेले. मिस्सा एकदा पुढे ढकलली, मग दुसऱ्यांदा. मावशींची बहीण येऊन मला बोलून गेली.

शेवटी एका शनिवारी, सर कागद आणायला मुंबईला गेले असताना, मी ब्रश उचलला. मावशी एकदा म्हणाल्या होत्या, "मी रागावली ना, तं तो माझ्याकडं बघत नाय. दाराकडं बघते. कवा पलतो असा." मी मोठ्या केलेल्या फोटोवर उघडे डोळे काढले, बुबुळं केसभर बाजूला ठेवली, उजव्या डोळ्यात पांढरा ठिपका दिला आणि मागे सरकले.

तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून, मागे दाराकडे बघत होता. मी वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं. मी कोपऱ्यात गेले, तिथूनही तेच. प्रत्येक वेळी मान वळायची आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आत्ता कोणीतरी आत आलं. मी फडकं टाकलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

सर संध्याकाळी आले. फडकं उचललं. बराच वेळ उभे राहिले आणि मग तेही वळले, दाराकडे. मी बोलणी खायला तयार होते.

"एकही चूक नाही," ते म्हणाले. सव्वा वर्षात पहिल्यांदाच. मग खाली बसले. मी म्हटलं, "सर, मग तुम्हाला का जमत नव्हतं?"

"मला पहिल्या महिन्यातच जमलं होतं." त्यांनी खणातून एक कागद काढून दाखवला. त्यावर तेच डोळे होते, दाराकडे बघणारे. "ती बाई इथे आली की तो जिवंत असायचा, सुषमा. मलाही सवय झाली त्याची. माझ्याकडे येणारं दुसरं आहे कोण?"

चंदनसारच्या त्यांच्या घरात ते एकटे राहतात, एवढंच मला ठाऊक होतं.

सोमवारी मावशी फोटो घेऊन गेल्या. त्यांनी तो पाहिला, दाराकडे पाहिलं, पदराने काच पुसली. रडल्या नाहीत. बुधवारी मिस्सा झाली, सर मागच्या बाकावर बसले होते म्हणे.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. मी उगीचच स्टुडिओत गेले. शटर उघडं होतं, सर नुसतेच बसले होते. अकराच्या सुमारास मावशी आल्या. काखेत कागदात गुंडाळलेली फ्रेम.

"मास्तर, ह्यो कान मना बरोबर नाय वाटत."

कानाला आम्ही हातसुद्धा लावला नव्हता. तो मूळ फोटोतलाच होता. सरांनी चष्मा पुसला, फ्रेम उजेडात धरली आणि फार वेळ बघितली.

"खरंच की," ते म्हणाले. "बसा. कानाचं सांगा. याला वेळ लागेल."

मी चहा सांगायला उठले.