रहीमचाचांची कलमं

रहीमचाचा कुठल्याही यंत्राला आधी उलटा हात लावून बघत, लेकराचा ताप बघावा तसा. मिक्सर, पंखा, स्टँडवर थांबलेल्या एसटीचं बॉनेट, काहीच सुटत नसे. एकदा मुख्याध्यापकांच्या प्रिंटरला हात लावून म्हणाले, "याला आज सुट्टी द्या."

आमच्या डोंगरकडा गावात त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. आमच्या शाळेच्या मुली रोबोट स्पर्धेत उतरल्या तेव्हा चाचा तारा जोडायला म्हणून आले आणि बघता बघता कायदे करू लागले. खेळ साधा होता. दोन रोबोटांनी रिंगणातले चेंडू उचलून आपापल्या टोपलीत टाकायचे. नियमांत बदल सुचवायचा असेल तर शाळेनं महिनाभर आधी हिंगोलीला आयोजकांना लेखी कळवायचं. ग्रंथालय माझ्याकडे, अक्षर बरं, म्हणून ते काम माझ्यावर आलं.

"सर, कलम लिवा," म्हणत ते स्टुलावर बसत. "मुकाबल्याचं मशीन उताणं पडलं तर दुसऱ्यानं उचलून उभं करावं. दोन मार्क बढवून द्यावे."

"चाचा, अशानं आपण हरू की."

"हरू द्या. पडलेल्याशी काय खेळता?"

मग पुढचं. "पंचानं शिट्टी हळू वाजवावी. मशीनला कान न्हाईत, लेकरं दचकून राहिली." आणि, "हरलेल्या पोरींना जेवणाच्या रांगेत पुढं घ्यावं."

मी हसू दाबून लिहून घेई. शेवटचं कलम होतं, एका मशीनला लागोपाठ दोन सामने देऊ नयेत, मध्ये दहा मिनिटं थंड होऊ द्यावं. "न्हाईतर वाइंडिंग जळते, सर. लिवलं ना बराबर?"

लिहिलं होतं. पाठवलं मात्र नाही. इंग्रजीत नियमपुस्तिका छापणाऱ्या लोकांपुढे आपलं हसं होईल, असं मला वाटलं. कागद खणात राहिला. चाचांनी विचारलं तेव्हा "पाठवला" म्हणालो.

हिंगोलीत आमच्या मुली उपांत्य सामना जिंकल्या आणि लगेच अंतिम सामन्याची हाक आली. चाचांनी रोबोटला हात लावला आणि पंचांकडे धावले. "मशीनला बुखार हाय, साहेब. दहा मिनिटं द्या."

"काका, तसा नियम नाही," पंच समजावत म्हणाले. "आधी सुचवलं असतं तर विचार केला असता. तुमच्या शाळेकडून काहीच आलं नाही."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

सामना निम्मासुद्धा झाला नव्हता तेव्हा रोबोटमधून धूर निघाला. संघाची प्रमुख अश्विनी रडत माझ्याकडे आली. "सर, आपण कलम पाठवलं होतं ना?"



"बेटा, गलती माझी," चाचा म्हणाले. "सरांनी कागद माझ्याकडंच दिला होता पोस्टात टाकायला. मी इसरलो."

मग त्यांनी रोबोट मांडीवर घेतला आणि गार होईपर्यंत पुठ्ठ्यानं वारा घालत बसले. पुढे त्या कागदाबद्दल ते मला कधी एक शब्द बोलले नाहीत.

गेल्या महिन्यात चाचा गेले. अश्विनी आता नांदेडला इंजिनिअरिंग शिकते. ती भेटायला आली होती. दुकानाच्या बंद शटरपुढे आम्ही उभे होतो.

"चाचा लई जीव लावायचे, सर," ती म्हणाली. "फक्त विसरभोळे भारी. तेवढा एक कागद टाकला असता त्यांनी..." बोलता बोलता हसली आणि डोळे पुसले.

मी म्हणालो, "व्हय."