त्र्यंबककाकांनी शोधलेला चोरदरवाजा

"ज्या किल्ल्याला चोरदरवाजा नाही, तो बांधणारा एक तर अडाणी, नाहीतर सासऱ्याच्या भरवशावर जगणारा!" त्र्यंबककाकांनी गाडीतच जाहीर केलं. "दहा मिनिटांत शोधून दाखवतो!"

काका साताऱ्याचे निवृत्त भूगोल शिक्षक. सत्तेचाळीस किल्ले पालथे घातलेले. अमेरिकेत पिस्कॅटवेला पुतणीकडे आले, तर यामिनी त्यांना निघाली अठ्ठेचाळिसावा दाखवायला. कुणा हौशी शेठने युरोपातल्या एका शहरातला सातशे वर्षांचा किल्ला विकत घेऊन, दगडन्‌दगड जहाजातून आणून इथल्या टेकडीवर पुन्हा रचला होता.

"आपण घर बदलताना कपाट खोलून नेतो, तसा?" काका थक्क!

आत शिरल्याबरोबर ते भिंती वितीने मोजायला लागले. दगडांवर टकटक केलं, भिंतीतल्या बंदुकीच्या जंग्यांतून डोकावले. गाइडला विचारलं, तर ती हसून म्हणाली, "नो सीक्रेट डोअर्स, सर!"

"सांगेल कशी? गुपित आहे ना!" काका नातीला, यामिनीच्या लेकीला म्हणाले. गाइड झुंबराची माहिती देत होती, तेवढ्यात नऊ वर्षांच्या केयाला घेऊन ते सटकले. आणि काय! एका खांबाआड बुटकं दार! वर लाल अक्षरं.

"चष्मा गाडीत राहिला. वाच गं."

"इमर्जन्सी एक्झिट ओन्ली, आजोबा. अलार्म विल—"

"संकटात बाहेर पडायची वाट! चोरदरवाजा म्हणजे आणखी काय असतं?" असं म्हणत काकांनी दार ढकललंसुद्धा!

सायरन असा बोंबलला की काकांची टोपी उडाली! बघता बघता दीडशे माणसं हिरवळीवर. वरच्या दालनात लग्न लागत होतं. नवरी एका पायात बूट घालून धावत आली, मागोमाग हातात अंगठी घेतलेला नवरा. दोन बंब आले!

"हू ओपन्ड द डोअर?" बंबावरच्या बाईने विचारलं.

केयाने इमानदारीत आजोबांकडे बोट केलं. यामिनीला वाटलं, धरणी दुभंगावी. काकांनी हात जोडून पाठ्यपुस्तकी इंग्रजीत सगळं सांगितलं. आपण सातशे वर्षांचं गुपित उघडलं, हेही सांगितलं.

बाई पोट धरून हसली. तिथे नुसती भिंत होती म्हणे. तीन वर्षांपूर्वी तिच्याच ऑफिसने नोटीस काढून ती फोडून हे दार बसवायला लावलं होतं!

काकांनी एकदा त्या दाराकडे वळून पाहिलं. मग हळूच यामिनीच्या कानाशी लागले, "काही म्हण, उघडतं मात्र लोण्यासारखं!"