फाटक्या सोफ्याचं अंतरंग

फुप्फुसातली गाठ काढल्यावर डॉक्टरांनी मला घरी बसायला सांगितलं, आणि घरी बसल्या बसल्या मी कलावंत झालो. जिना चढायचा नाही, पिशवी उचलायची नाही, ऑफिसचा फोन घ्यायचा नाही. मग उरलं काय? कला.

माझी पद्धत सोपी. इंटरनेटवरची टुकार, पुसट, नखाएवढी चित्रं उचलायची, लॅपटॉपवर ताणून ताणून मोठी करायची, चौकोन चौकोन फुटले की एकावर एक ठेवून रंग चढवायचे. चांगला फोटो कुणीही सुंदर करेल. मी भिकार फोटोंना न्याय देत होतो. बायको म्हणायची, "दे न्याय, पण आधी वाफ घे."

त्या दिवशी जुन्या सामानाच्या जाहिरातीत एक फाटका सोफा सापडला. ताणल्यावर असा काही खुलला, की बस. काळ्या-करड्यात पांढरट धुकं, आणि स्पंज बाहेर आला होता तिथे एक तेजस्वी गोळा. नाव दिलं 'माझं अंतरंग' आणि घरच्यांच्या ग्रुपवर टाकून दिलं.

लगेच आत्याचा फोन.

"काय रे, परत?"

"परत म्हणजे काय आत्या, आता हे थांबायचं नाही."

"अरे देवा. केवढं आहे?"

"आधी नखाएवढं होतं. मीच वाढू दिलं. आता भिंतभरही होईल."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"त्यांना यातलं काय कळतंय?"

"आणि सूनबाईला?"

"तिला संध्याकाळी. एकदम धक्का द्यायचाय."

पलीकडून हुंदका आला. आपल्या कलेने माणूस इतका हलतो, हे बघून माझेही डोळे भरून आले.

थोड्याच वेळात थोरला भाऊ कपड्यांची बॅग घेऊन हजर. पाठोपाठ सासूबाई. त्यांनी माझा हात हातात घेतला, तेव्हाच मला काहीतरी खटकायला हवं होतं. मग बायको आली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. तिने मला स्वेटर चढवला आणि बटणं चुकीची लावली.

"अगं, झालं काय?"

"गप्प बस. चल."

गाडीत भाऊ एवढंच म्हणाला, "छातीचा एक्स-रे असा ग्रुपवर टाकतात का रे?" मी तोंड उघडलं, तर म्हणाला, "बोलू नकोस, दम लागेल."

डॉक्टरांनी फोन जवळ धरला, लांब धरला. "हे कुठे काढलं?"

"घरी. लॅपटॉपवर."

"आणि हा गोळा?"

"स्पंज. फाटका सोफा आहे, डॉक्टर. मूळ फोटो अगदीच वाईट होता."

बायकोने टेबलावर डोकं टेकलं. खांदे हलत होते. आधी ती रडत होती. मग कधीतरी हसायला लागली, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, इतकी की नर्स डोकावून गेली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि कलेविषयी चकार शब्द काढला नाही.

निघताना डॉक्टर म्हणाले, "याची एक प्रत द्या. वेटिंग रूमच्या भिंतीला ओल आलीय, तेवढी झाकली जाईल." त्यातली ओल वगळून बाकीचं मी सगळ्यांना कळवलं.

पुढच्या तपासणीला गेलो, तर चित्र खरोखरच फ्रेम करून लावलेलं. शेजारी बसलेल्या पेशंटला मी समजावून सांगू लागलो, की यातला उजेड कसा खालून, खोलातून वर येतो. ते बिचारे मान डोलावत होते.

बायको कानाशी लागली. "हळू बोल. सोफ्याचे पाय वर आहेत."