अठरा मिनिटांत हजार वर्षं

पाश्चात्त्य संगीताचा हजार वर्षांचा इतिहास अठरा मिनिटांत बसवणारा माणूस मीच! विद्वानांना जे जाड जाड ग्रंथांत आवरत नाही, ते मी लिफ्टच्या तक्रारीच्या फोनवर करून दाखवलं. त्याचं पुढे काय झालं हे ऑफिसात प्रत्येक जण तिखटमीठ लावून सांगतो, म्हणून म्हटलं, मूळ चव तरी आपण सांगावी.

आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि बंद पडल्या की दुरुस्त करते. मी तक्रार विभागात. लिफ्टमधलं लाल बटण दाबलं किंवा बाहेरून तक्रारीचा नंबर फिरवला की फोन आमच्याकडे येतो. उचलायला दोघी: थोरल्या बाई आणि धाकट्या बाई. दोघीही बोलत असल्या की तिसऱ्याने थांबायचं, आणि थांबणाऱ्याच्या कानात वर्षानुवर्षं तीच एक टिंगटाँग धून. ‘सरासरी प्रतीक्षा: दोन मिनिटं’ असं मी दर महिन्याच्या अहवालात लिहायचो. हा आकडा मी कुठून आणला? माझ्या आधीच्या माणसाच्या अहवालातून. त्याने कुठून आणला, हे विचारायला तो आता नाही. पण याच आकड्यावर मला विभागप्रमुख करायचं जवळजवळ नक्की होतं. फक्त बारा मजली दवाखान्यांच्या इमारतीचा, सहा लिफ्टचा करार पुन्हा व्हायचा बाकी होता.

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी मेव्हण्याकडून पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्यांचं खोकं आणलं.

“लोक थांबतातच, तर चार गोष्टी शिकून तरी जातील!” मी बायकोला म्हटलं.

“अहो, लिफ्टमध्ये अडकलेला माणूस शिकायच्या मनःस्थितीत असतो का?”

“त्याच्याकडे दुसरं काम तरी काय असतं?”

यावर तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांत हे पाहणं मी ओळखायला शिकलो आहे, मानायला नाही.

महिनाभर मी काटछाट केली. पहिलं मिनिट मध्ययुग: मठातले पुरुष एका सुरात गातात, वाद्य नाही, ठेका नाही, घाई तर नाहीच. दुसरं प्रबोधनकाळ: आवाजांची वेणी. मग बरोक, शिलाई मशीनसारखा न दमता पळणारा. मग अभिजात काळ, कडक इस्त्रीचा. मग पाच मिनिटं रोमँटिक, कारण त्या काळातली मंडळी थोडक्यात काही सांगतच नसत. शेवटी विसावं शतक: आधी धुकं, मग भांड्यांचं कपाट जिन्यावरून खाली आल्यासारखं काहीतरी, आणि सर्वांत शेवटी मिनिटभर शांतता. फोन कोणाचाही असो, सुरुवात मध्ययुगापासूनच!

पहिल्याच दिवशी एका आजींनी मठातले सूर ऐकून थोरल्या बाईंना हळू आवाजात विचारलं, “कोण गेलं हो तुमच्याकडे?”

“कोणी नाही, आजी.”

“सांगू नका, कळतं मला. लिफ्टचं काय, उद्या बघू.” आणि फोन ठेवला.

आठवडाभरात मात्र नवल घडलं. लोक विचारायला लागले! “ते तार छेडल्यासारखं वाद्य कुठलं?” “मधेच सगळे एकदम का थांबले?” एक गृहस्थ तर धाकट्या बाईंवर ओरडलेच, “काय घाई होती उचलायची? आत्ता कुठे रंगात येत होतं!” त्यांची लिफ्ट बिघडली नव्हती. त्यांच्या इमारतीला लिफ्टच नव्हती.

मी खुशीत होतो. मला एवढंच सुचलं नाही की नुसतं ऐकायला फोन करणाराही रांगेतच उभा असतो. रांग वाढत गेली. आणि एका मंगळवारी त्या बारा मजली इमारतीचे अध्यक्ष, स्वतः दंतवैद्य, जबडा बधिर केलेल्या रुग्णाला एक्स-रेसाठी वर नेताना सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये अडकले. त्यांनी लाल बटण दाबलं.

बुधवारी ते साहेबांच्या केबिनमध्ये होते. मला बोलावणं आलं. टेबलावर माझा अहवाल होता.

“आमच्याकडे दोन मिनिटांत फोन उचलतात,” साहेब अहवालावर बोट ठेवून म्हणाले. “डॉक्टर, अडचणीत वेळ जास्त वाटतो.”

“असेल,” डॉक्टर म्हणाले. “घड्याळ नव्हतं माझ्याकडे. आधी प्रार्थना झाली. मला वाटलं, आमच्यासाठीच चालली आहे. मग बराच वेळ टकटक-टकटक.”

“बरोक,” मी म्हटलं.

“मग नीटनेटकं काहीतरी. मग व्हायोलिन असं काही रडायला लागलं की काय सांगू! तेवढ्यात रुग्णाचं इंजेक्शन उतरलं, तोही कण्हायला लागला. कण्हणारा कोण आणि वाजवणारा कोण, कळेना.”

साहेब खुर्चीत सावरून बसले. “हे सगळं दोन मिनिटांत झालं असेल ना?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की खांबालाही कळलं असतं, नुसती मान हलवायची आहे.

मी मान हलवणारच होतो. पण डॉक्टर पुढे म्हणाले, “आणि त्या व्हायोलिननंतर तुमची लाइन बिघडली. आधी खडखडाट, मग एकदम बंद.”

“बिघडली नाही!” माझ्या तोंडून निघून गेलं. “ते विसावं शतक! त्या काळात काहींनी शांततेलाही संगीत मानलं. तुम्ही पार शेवटपर्यंत पोचलात, डॉक्टर! अठरावं मिनिट! आजवर फार थोडे तिथवर गेलेत!”

केबिनमध्ये विसावं शतक पसरलं.

“अठरा,” साहेब म्हणाले.

“साधारण,” मी म्हटलं.

डॉक्टरांनी करार केला, पण स्वतःच्या हाताने एक कलम घालून: दोन मिनिटांच्या आत फोन उचलला नाही, तर करार रद्द. संगीत मात्र तेच ठेवायचं, म्हणजे किती वेळ झाला ते ऐकणाऱ्याला कळतं. साहेबांनी सही केली आणि मला म्हणाले, “दोघींवर भागत नाही हे उघड आहे. तिसरा माणूस लागेल. संगीतातला जाणकार असला तर बरं.”

आता मी थोरल्या आणि धाकट्या बाईंच्या मध्ये बसतो आणि फोन उचलतो. प्रबोधनकाळ संपायच्या आत. बरोक, अभिजात, रोमँटिक, माझी महिनाभराची मेहनत, कोणाच्याच कानावर पडत नाही. इतिहासाचा गळा दिवसातून सत्तर वेळा मीच आवळतो.

परवा डॉक्टरांचा फोन आला. मी दीड मिनिटात उचलला.

“लिफ्ट अडकली का?”

“नाही हो. छान चालू आहे.” ते जरा घुटमळले. “ते व्हायोलिन पुन्हा एकदा ऐकावं म्हटलं. तुम्ही लगेच उचलता.”

“कलम आहे ना, डॉक्टर.”

“माहीत आहे. मीच घातलं.” मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “तुम्ही जेवायला किती वाजता उठता?”

मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोघी बोलण्यात होत्या.

“एक वाजता,” मी म्हटलं. “आणि सावकाश जेवतो.”