उत्तमभौचा चकना कॅमेरा

उत्तमभौले साधा चहा जरी सांगाचा असला, तरी ते आधी हासत. मंग मान सिधी करत, हॉटेलवाल्याच्या एका डोयात पाहत अन् म्हनत, "नमस्कार. आता चहा." हॉटेलवाला मले इचारे, "किसन्या, दिल्लीहून आल्यापासून भौले काय लागलं बे?"

लागलंच होतं. अकोल्यात शिनेमाची जाहिरात उत्तमभौ टांग्यात बसून करत, तोंडाले भोंगा लावून. टांगा माहा. माहा म्हंजे काय, घोड्याचा. मी अंगठाछाप. शायेत दोघाईले उभं केलं असतं त मास्तरनं घोडंच घेतलं असतं.

भौ दिल्लीले नुमाइश, म्हंजे मोठं प्रदर्शन, पाहाले गेले अन् तठी त्याईनं टेलिवीजन पाह्यला. "अबे किसन्या, डब्यात बाई बोलून राह्यली. मंधातच मशीनचा आवाज बंद पडला. तरी मले समजलं ते काय म्हनून राह्यली! तठी तोंड बोलते बे, तोंड! भोंग्याचं काम खतम." आज ना उद्या अकोल्यात टेलिवीजन येईन अन् त्यात आपुनच बोलू, असं त्याईच्या मनानं घेतलं.

मंग दुपारी टांगा-अड्ड्यावर भौची प्रॅक्टिस. "आधी हासाचं, मंग बोलाचं. हात हालवाचे नाई. कागदात पाहाचं नाई. अन् गावाले बोलाचं नाई, एकाच मान्साले बोलाचं."

कॅमेरा मी. रॉकेलच्या रिकाम्या डब्याले भोक पाडून भौनं तो माह्या तोंडासामोर धरला. पन मी पडलो चकना. भौ चिडले, "अबे, कोनत्या डोयात पाहू?" म्हनून मी डबा बाजूले ठेवून एक डोया मिटला, त सामोरची भाजीवाली चप्पल घेऊन उठली. भौ बोलले का मी आपला हो-हो करत मान हालवो. "कॅमेरा मान हालवते काय बे? कॅमेऱ्यानं फकस्त पाहाचं!" शेवटी त्याईनं घोड्याले कॅमेरा केलं. घोडं माह्याहून बरं निघालं, असं भौ चारचौघात सांगत.

टांगा भौच्या गल्लीत आला का ते म्हनत, "थांब." भोंगा खाली ठेवत. मी घोड्याकडं तोंड करून बसलेलो. मांगून आवाजच नाई. मले वाटे, भौ पानी पेऊन राह्यले. खिडकीत काकू बसून राहत, भौची बायको. लग्नाच्या आधीच मोठा ताप आला, तवापासून त्याईले ऐकू येत नव्हतं. साऱ्या अकोल्याले भौचा आवाज माईत, काकूलेच नाई.

एक दिवस टाकीजच्या मालकानं सायकलवरून हे पाह्यलं. "उत्तमराव! बोंबलाचे पैसे देतो मी, अन् तुमी मुक्यानं तोंड हालवून राह्यले?"

भौ आधी हासले. मंग म्हनले, "मालक, साऱ्या गावात भोंगा लावतो. हे एक गल्ली सोडा."

"भोंगा लावा, नाईतर उतरा."

मी म्हनलो, "भौ, लावा ना. तुमचं काय जाते?"

"तोंड झाकते बे त्यानं," भौ म्हनले अन् उतरले.

दुसऱ्या दिवसापासून टांग्यात दुसराच मानूस आला. भौले मालाच्या मोटारीवर हमाली भेटली. तरी भेटले का इचारत, "टेलिवीजनचं काही समजलं काय? तिले सांगून ठेवलं हाये, का मी डब्यात येईन. घरी बसल्या पाहीन मले." मले काय समजते! मी म्हनो, "निघाला म्हनतात दिल्लीहून."

टेलिवीजन आला नाई. आजून नाई. काकू मातर त्या हिवायात गेल्या.

भौ मंग सिधे म्हनाले लागले, "चहा." हासनं नाई, नमस्कार नाई. हॉटेलवाला चहा देता देता खाली पाहे.

एका दुपारी भौ अड्ड्यावर आले. "चाल." टांगा त्याईच्या गल्लीत थांबला. म्हनले, "तू घरात जा. खिडकीत बस. कॅमेरा."

मी बसलो. काकूची गोधडी तठीच होती. एवढे साल भौ मांगं अन् मी घोड्याकडं तोंड करून. या जागेवरून त्याईचं तोंड मी पयल्यांदाच पाहत होतो. भौ टांग्यात उभे राह्यले. आधी हासले. मंग आवाज न काढता, सावकाश, एक एक शब्द ओठावर ठेवत बोलाले लागले. मले क वाचता येत नाई, पन ते वाचता आलं. शिनेमाचं त्यात नावच नव्हतं.

"जेवली काय? दवाई घेतली? उन्हात बसू नको, आत सरक."

अन् थांबले. माह्याकडं पाहत राह्यले. कोनत्या डोयात पाहू, हे त्याईनं इचारलं नाई.

कॅमेऱ्यानं मान हालवाची नसते. मी हालवली.