सावळेरामाची दुर्बीण

डिंगोऱ्याच्या सावळेरामाच्या भुईमुगात रानडुकरं शिरली. घरात वडिलांच्या मागे त्याच्या नावावर झालेली एकनळी बंदूक होती, पीक राखायचा परवाना होता, वनखात्याची परवानगीही हातात पडली होती. आता फक्त रानात जाऊन चाप ओढायचा. पण एवढं सरळ काम सावळेरामाला कधी मानवलंय?

"आधी बंदुकीला दुर्बीण पायजे," तो म्हणाला.

"कशाला?" झुंबरबाईनं विचारलं. "डुकरं तर पार बांधावर येऊन आपल्या तोंडाकडं बघत्यात."

"तुला न्हाई कळायचं त्यातलं."

झुंबरबाईला कळत होतं ते एवढंच, की अर्धं रान उकरून झालंय आणि उरलेल्या अर्ध्यात तिचं पुढच्या सालचं बियाणं आहे. नवरा मात्र सल्ला घ्यायला लोणीला, साडूकडे गेला. हा साडू, चांगदेव, मिल्ट्रीतून आलेला. तिथं त्यानं उभी हयात पलटणीच्या भटारखान्यात पोळ्या लाटल्या होत्या, पण बंदुकीचा विषय निघाला की तो मिशीला पीळ देऊनच बोलायचा.

दोघं इस्त्रीचे कपडे घालून पुण्याला गेले. बाजारात बैल पारखावा तशी त्यांनी दुकानातली एकेक दुर्बीण उलटीपालटी केली, ठोकून पाहिली आणि एक घेऊन आले. घरी आल्यावर सावळेरामानं ती डोळ्याला लावली आणि त्याचा चेहरा पडला.

"फसवलं राव! काच तडकलेली हाये. आडवी बी चीर, उभी बी चीर."

दुसऱ्या दिवशी दोघं भांडायला पुन्हा पुण्यात. दुकानदारानं शांतपणे सांगितलं, की ती चीर नाही, नेम धरायची फुली आहे.

"मला म्हाईत व्हतं," चांगदेव म्हणाला. "म्हटलं, तुमच्या तोंडून ऐकावं."

एवढी शोभा झाल्यावर तीच दुर्बीण परत कशी न्यायची? त्यांनी ती बदलून दुकानातली सगळ्यात मोठी उचलली. "जवळच्या नेमाला ही कामाची नाही," असं दुकानदार बजावत होता. पण लहान वस्तू घेऊन गावात शिरायला दोघांनाही लाज वाटत होती.

आता ती बसवायची कुठं? त्या जुन्या नळीवर साधा चष्मा टेकायला जागा नव्हती. पिंपळवंडीच्या वेल्डरनं हात जोडले. शेवटी मोटारीच्या पाइपाच्या दोन क्लिपा आवळून सावळेरामानं दुर्बीण बंदुकीला बांधली आणि बूथवरून साडूला फोन लावला. साडूनं पंचांग पाहून सांगितलं, "अमावस्या उलटू द्या. नव्या हत्याराला घाई नाय करायची." तोवर झुंबरबाई रोज रानात ओरडून ओरडून घसा बसवून घेत होती. डुकरांना पंचांग कोण दाखवणार?

अमावस्या उलटली आणि सकाळीच पोलीसपाटील भरत दारात उभा.

"सावळेरामभाऊ, बंदूक घ्या आन् चला. निवडणूक लागली. परवान्याची सगळी हत्यारं ठाण्यात जमा करायचीत."

"कवर?"

"निकाल लागंस्तवर."

ठाण्यात हवालदारानं बंदूक परवान्याशी ताडून पाहिली, क्लिपा सैल केल्या आणि दुर्बीण सावळेरामाच्या हातात ठेवली. "परवान्यावर नुसती बंदूक लिहिलीय. हे भांडं घरी न्या."

सावळेराम घरी आला तो पायसुद्धा न धुता तडक रानाकडं गेला. माणूस शरमला असेल, निदान आज तरी राखण करील, असं झुंबरबाईला वाटलं. दिवेलागणीला ती तेलाचा रिकामा डबा आणि काठी घेऊन मागोमाग गेली. सावळेराम बांधावर पालथा पडून दुर्बिणीला डोळा लावून होता. पलीकडच्या कडेला डुकरांचा अख्खा कळप भुईमूग उपसत होता.

"दिसत्यात का?" तिनं विचारलं.

"लई झ्याक!" त्याचा आवाज आनंदानं कापत होता. "ती म्होरची म्हातारी बघ. तिच्या ओठाला शेंग चिकटलीया, ती सुदिक दिसती!"

झुंबरबाईनं डब्यावर काठी उगारली.

"अगं, वाजवू नको!" सावळेराम कळवळला. "आत्ता कुठं नीट जमलंय. पळून जातील ना ती!"

झुंबरबाईनं नवऱ्याकडं एकदा नीट पाहिलं. मग ती त्याच्या शेजारी बसली, डबा त्याच्या कानाशी धरला आणि शेवटचं डुक्कर ओढ्यापलीकडं जाईपर्यंत बडवला. त्यानंतरही ती बराच वेळ बडवत होती.