मावशींचा हक्काचा अर्धा तास

"घर चालवायला फार अक्कल लागत नाही, एक चांगलं घड्याळ लागतं!"

मिनिटराव सोमवारी सकाळी बायकोला हे म्हणाले, तेव्हा ती दारात एका पायावर उभी राहून चप्पल चढवत होती आणि काखेत धरलेला मोबाइल नजरेने घरभर शोधत होती. ती दातांची डॉक्टर. तिचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून, आणि पहिला पेशंट नऊ वाजता खुर्चीत 'आ' करून बसलेला. त्यामुळे तिने उत्तर दिलं नाही. उत्तर आलं नाही की मिनिटरावांना वाटायचं, आपलं म्हणणं पटलं!

मिनिटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बिस्किटांच्या कारखान्यातल्या लोकांनी ते ठेवलं होतं आणि ते त्यांना असं चिकटलं होतं की पोस्टमनही तेच विचारत यायचा. कारखान्यात ते कार्यक्षमता अधिकारी होते. म्हणजे दुसरे लोक काम करत असताना त्यांच्या पाठीशी घड्याळ घेऊन उभं राहायचं, हे यांचं काम! जन्मात एक पुडा भरला नव्हता. पण पुडा भरायला साडेचारच सेकंद का लागले पाहिजेत, यावर दीड तास बोलायचे.

तर या गृहस्थांच्या ऑफिसातली वायरिंग बदलायला काढली आणि त्यांना तीन आठवडे घरून काम करायला सांगितलं. कारखान्याने सुटकेचा निःश्वास सोडला. तो निःश्वास ज्यांच्या अंगावर आला, त्या म्हणजे मावशी.

मावशी ठमीला सांभाळायच्या. ठमी दोन वर्षांची, मिनिटरावांची एकुलती एक. मावशींनी आजवर अकरा मुलं मोठी केली होती. त्यातला एक आता विमान चालवत होता. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मावशी, ठमी आणि ते घर यांचं सगळं असं सुरळीत चालायचं की ते चालतंय हे कुणाच्या लक्षातच यायचं नाही. आणि जे लक्षात येत नाही ते काम नव्हेच, असं मिनिटरावांचं शास्त्र सांगायचं!

सोमवारी त्यांनी दिवसभर लॅपटॉपच्या आडून टेहळणी केली. संध्याकाळी बायको घरी येऊन टेकते न टेकते तोच वही उघडली.

"एक तास सत्तावीस मिनिटं!"

"कसली?"

"बसण्याची! मावशी आज एक तास सत्तावीस मिनिटं नुसत्या बसल्या होत्या. अकरा ते साडेबारा, खिडकीपाशी!"

"अरे, तेव्हा ठमी झोपलेली असते. मग त्यांनी काय नाचायचं?"

"शिवाय जेवण कधी, विश्रांती कधी, काही ठिकाणाच नाही. ठमीला भरवता भरवताच दोन घास खातात. याला ना काम म्हणतात ना आराम!"

"त्यांना काही बोलू नकोस हं," बायको म्हणाली. "अशी बाई पुन्हा मिळणार नाही. त्या आहेत म्हणून मी दवाखाना चालवते."

"बोलणार नाहीच मुळी," मिनिटराव म्हणाले. "लिहून देणार!"

मंगळवारी सकाळी वेळापत्रक भिंतीवर लागलं. चार रंगांत, वर प्लास्टिकचं आवरण. नऊ चाळीस ते नऊ पन्नास : शी. दहा ते साडेदहा : खेळ, बौद्धिक. साडेदहा ते अकरा : खेळ, शारीरिक. बारा चाळीस ते एक : झोपवणे. आणि एक ते दीड : मावशींची विश्रांती, लाल अक्षरांत.

"विश्रांती घराबाहेर घ्यायची," मिनिटरावांनी समजावलं. "समोर बाग आहे. कामाच्या जागी बसलं की मन कामातच राहतं. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. एक मिनिट कमी नाही, एक मिनिट जास्त नाही!"

"आणि ठमीकडे कोण बघणार?"

"ती झोपलेली असणार. आणि मी आहे ना!"

नवशिका न्हावी वस्तरा परजत पुढे आला की गिऱ्हाईक जसं बघेल, तसं मावशींनी त्यांच्याकडे बघितलं.

"बरं. आणखी काही?"

आणखी होतंच. कामाच्या वेळेत फोन नको, म्हणून मावशींचा मोबाइल मिनिटरावांच्या टेबलाच्या खणात. घराची किल्लीही त्याच खणात. कारण विश्रांतीवरून येताना मावशींनी बेल वाजवायची, मिनिटरावांनी दार उघडायचं आणि वेळ टिपायची. मावशींनी पदराची गाठ सोडून किल्ली टेबलावर ठेवली. मग वेळापत्रक वरून खालपर्यंत नीट वाचून घेतलं. इथे शहाण्या माणसाने घाबरायला हवं होतं; पण मिनिटरावांनी पावती दिल्यासारखी मान हलवली.

मग वेळापत्रक सुरू झालं, आणि मावशींनी ते अक्षरशः पाळलं. अकराला ठमीने फेकलेला चेंडू हवेत असताना त्यांनी हात मागे घेतले आणि म्हणाल्या, "शारीरिक संपलं!" चेंडू फुलदाणीवर गेला. अडचण आली की दर वेळी त्या विचारायला यायच्या, तेही मिनिटरावांची मीटिंग रंगात आलेली असताना!

"साहेब, शी झालीय. पण आता गोष्टीची वेळ आहे. आधी काय करू?"

"अहो, आधी ते... ते करा!"

"म्हणजे गोष्ट नंतर? तसं लिहून द्याल का?"

माइक चालूच होता. चौदा जणांनी ऐकलं. पण मिनिटरावांना वाटलं, बाई किती आज्ञाधारक आहेत!

बुधवारी मावशी पाच मिनिटं आधीच बागेतल्या बाकावरून उठल्या. जीव वर अडकलेला, दुसरं काय! मिनिटराव तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत घड्याळ धरून उभेच होते. खालच्या रहदारीत आवाज पोचणार नव्हता, म्हणून त्यांनी दोन्ही हात हलवून हलवून खुणा केल्या : बसा, बसा! मावशी बसल्या. गुरुवारी पुन्हा तेच. शुक्रवारपर्यंत मावशींना पक्कं कळलं : साहेब गॅलरीत हात हलवायला लागले की हलायचं नाही!

शुक्रवारी दुपारी एक वाजता मिनिटरावांचं मोठं भाषण होतं. ऐकायला खुद्द मोठे साहेब, सगळे खातेप्रमुख आणि कारखान्याच्या जेवणघरातल्या पडद्यासमोर बसवलेले कामगार. शिवाय सगळं रेकॉर्ड होणार होतं. विषय : 'विश्रांतीच्या वेळेत कर्मचारी नेमकं काय करतात?' मिनिटरावांनी वर कोट, टाय आणि खाली घरातली चट्ट्यापट्ट्यांची विजार घातली होती. टेबलाखाली कोण बघतंय!

एकला दोन मिनिटं असताना मावशी आल्या. कडेवर ठमी, टक्क जागी.

"साहेब, आज झोपत नाहीये. मी थांबते घरीच."

"झोपेल! तुम्ही निघा."

"अहो, महत्त्वाचं काम आहे ना तुमचं? थांबते की."

"मावशी, नियम म्हणजे नियम! मीच मोडला तर लोक काय म्हणतील?"

मावशींनी ठमीला खाली ठेवलं, डबा उचलला आणि त्या गेल्या.

भाषणाचं पहिलं वाक्य झालं. दुसऱ्या वाक्याला ठमीने विजार ओढली. त्यांनी तिच्या हातात एक बिस्किट दिलं. तिसऱ्या वाक्याला ठमी टेबलावरचे आकडेवारीचे कागद घेऊन पसार झाली आणि थेट गॅलरीत जाऊन तिने ते कपडे भिजवलेल्या बादलीत बुडवले. त्या कागदांशिवाय मिनिटराव म्हणजे मुका पोपट!

"एक मिनिट हं, साहेब!" असं म्हणून ते धावले आणि बादलीवर ओणवे झाले. ठमी आत पळाली आणि तिने दार ढकललं. सरकतं, काचेचं, ढकललं की आपोआप लागणारं दार. खट्!

खटका आतल्या बाजूला, ठमीच्या नाकाएवढ्या उंचीवर. मोबाइल आत. लॅपटॉप आत. बाहेर मिनिटराव, टाय, विजार आणि निथळणारे आकडे.

"ठमे! दार उघड! खटका ओढ, खटका!"

ठमीने काचेला नाक लावलं. "भोऽज्जा!"

"भोज्जा नाही! उघड!"

"भोऽज्जा!" ती पडद्याआड लपली, बाहेर आली, पुन्हा लपली. बाबा इतका छान खेळतो हे तिला त्या दिवशीच कळलं. बाबा उड्या मारायला लागल्यावर तर ती टाळ्या पिटायला लागली. मग कंटाळली, खुर्चीवर चढली आणि पडद्यावरच्या मोठ्या साहेबांना बिस्किट भरवायला लागली.

काचेतून मिनिटरावांना सगळं दिसत होतं. मोठे साहेब 'आ' करत होते. ठमी त्यांच्या तोंडावर बिस्किट घासत होती. आणि कॅमेऱ्यात ठमीच्या मागे, चौकटीच्या बरोबर मधोमध, टाय आणि चट्ट्यापट्ट्यांच्या विजारीतला कार्यक्षमता अधिकारी गॅलरीत थयथयाट करत होता. बाजूला मोठ्या अक्षरांत मथळा : 'विश्रांतीच्या वेळेत कर्मचारी नेमकं काय करतात?'

मिनिटराव कठड्याकडे धावले. समोर बागेत मावशी डबा उघडून बसल्या होत्या.

"मावशीऽऽ!"

रहदारीत हाक विरली. त्यांनी दोन्ही हात हलवले. या! या! वर या!

मावशींनी मान वर केली, बघितलं आणि समजुतीने मान डोलावली. बसा म्हणतायत! त्या जरा मागे सरकून नीट टेकून बसल्या. मिनिटराव आणखी जोरात हात हलवायला लागले. मावशींनी पाय लांब केले. मिनिटराव उड्या मारायला लागले, तेव्हा 'अहो, बसलेय ना! आता झोपू की काय?' असा हातवारा करून मावशींनी सरळ पाठ फिरवली!

सव्वा वाजता बायकोने मावशींना फोन लावला. ठमी जेवली का, एवढंच विचारायला. मोबाइल खणात वाजला. पुन्हा लावला, पुन्हा खणात वाजला. मग नवऱ्याला लावला. तो ठमीने घेतला, "भोज्जा!" म्हणाली आणि सोफ्याखाली टाकून दिला. पुढची पाच मिनिटं बायकोला फोनवर आपली मुलगी हसताना आणि कुठून तरी लांबून नवरा काचेवर थापा मारत "वाचवा!" म्हणताना ऐकू येत होता. पेशंटची दाढ अर्धी कोरलेली होती. त्याला "तोंड मिटू नका!" सांगून ती हातमोज्यांसकट, हत्यारासकट पळत सुटली.

बरोबर दीड वाजता मावशींनी बेल वाजवली. एकदा, दोनदा. दार उघडेना. किल्ली खणात! मावशींचा चेहरा उतरला. त्यांनी दाराला तोंड लावलं.

"ठमूताई? आत आहेस का गं?"

"माच्ची!" ठमी दारापाशी धावत आली.

"बाबा कुठेत?"

"बाबा बाहे. भोज्जा!"

साहेबांच्या त्या उड्या, ते हात! क्षणात मावशींना सगळा उलगडा झाला. पण आवाज तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "हो का? मग आता बाबांवर राज्य आलं. काचेच्या दाराचा खटका आपण रोज कसा ओढतो? ओढ बघू, हैश्या!"

बापाने पंचवीस मिनिटं आरडाओरडा करून जे झालं नाही, ते एका 'हैश्या'त झालं. खट्! मिनिटराव आत कोसळले ते लॅपटॉपसमोरच. पडद्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. मोठे साहेब डोळे पुसत म्हणाले, "मिनिटराव, मुद्दा पोचला हो!" त्या नावाने ते पहिल्यांदाच हाक मारत होते.

मिनिटरावांनी बाहेरचं दार उघडलं. मावशी आणि मागोमाग धापा टाकत पोचलेली बायको, दोघी एकदमच आत शिरल्या. मावशींनी ठमीला उचललं, हातपाय चाचपले, पाणी पाजलं. मग वळल्या.

"साहेब, अकरा मुलं वाढवली मी. एकालाही कधी असं एकटं सोडलं नाही. आज तुमच्या नियमापायी पोर पंचवीस मिनिटं एकटी होती आणि मी तिकडे पाय पसरून बसले होते. मला हे जमायचं नाही. आज सहापर्यंत आहे. उद्यापासून दुसरी बघा."

"अहो मावशी, पण वेळापत्रकात आपण थोडा बदल करून..."

"तू गप्प बस!" बायको म्हणाली. हातात अजून दाढ कोरायचं टोकदार हत्यार होतं, त्यामुळे मिनिटराव तत्काळ गप्प बसले.

बायकोने मावशींना स्वयंपाकघरात नेलं. दार लोटलं. आतून बराच वेळ हलक्या आवाजात बोलणं चाललं होतं. मध्येच मावशींचा हुंदका, मध्येच बायकोचा, आणि मग, हे मिनिटरावांना फार लागलं, दोघींचं हसणं! दहा मिनिटांनी बायको बाहेर आली. डोळे लाल, पण चेहरा निवांत.

"राहतायत. त्यांची एकच अट आहे आणि ती मला मान्य आहे."

"कुठली?"

"तू घरी नसायचं."

"अगं, पण ऑफिसात वीज नाही!"

"तो तुझा प्रश्न," असं म्हणून ती पेशंटचं तोंड मिटवायला निघून गेली.

सोमवारी मिनिटराव लॅपटॉप बगलेत मारून कारखान्यावर हजर झाले. ऑफिसभर वायरी लोंबत होत्या. वीज असलेली रिकामी जागा एकच, फाटकाशेजारची वॉचमनची खोली. वॉचमन भला माणूस. त्याने कोपऱ्यातला खोका पुसून दिला. मिनिटराव त्यावर बसले आणि टाय सरळ केला.

"साहेब, तुमचं तर घरून काम होतं ना?"

"होतं," मिनिटराव घसा खाकरून म्हणाले. "पण घरचं सगळं शिस्तीत लावून दिलं. आता तिथे माझी काही गरज उरली नाही."

"हो साहेब," वॉचमन गंभीरपणे म्हणाला. "आम्ही सगळ्यांनी बघितलं. दोनदा."